पहिलं वॉफल

भाऊजी ताईला न्यायला आले त्या सकाळी मी वॉफल करायला घेतले. आदल्या दिवशी कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता, ताई म्हणाली होती, "मले परत नाई जायचं तिथी." मी ते कुणालाच सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगणं मला कधी जमलेलं नाही. आईनं तर तिची बॅग भरून दाराशी ठेवली होती. बल्लारपूरहून दुपारची गाडी होती.

"पोहे कर म्हटलं, तर हे काय करून राह्यली वं तू?" आईनं विचारलं.

"ताईला आवडतात," एवढंच म्हटलं.

खरं तर मला हाताला काम हवं होतं. गरज नसताना पीठ पुन्हा पुन्हा ढवळलं. पोंभुर्ण्याकडची एक बाई दारावर टेंभरं विकून गेली होती, तेंदूची पिवळी, गोड फळं. बिया काढून त्यांचा गर गुळात शिजवला, तो जरा खाली लागला. आंब्याच्या फोडी केल्या, काही फारच लहान झाल्या. बाहेर बाबा आणि भाऊजी उन्हाबद्दल बोलत होते, मग गाड्यांबद्दल, मग परत उन्हाबद्दल.

भाऊजी आत डोकावले. "साळीबाई, हे जाळीचं धिरडं हाय का? इंग्लिश शाळेत हेच शिकवलं वाटते!"

मी हसले. ते वाईट बोलत नाहीत कधी. ताईला तिथे नेमकं काय खुपतं, कुणी विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

वॉफलच्या मशीनमधून एका वेळी एकच वॉफल निघायचं. पोहे असते तर सगळ्यांना एकदम वाढून झाले असते. आमच्याकडे पहिली ताटली जावयाची, मग बाबांची, बायका शेवटी. भाऊजी येऊन बसले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताई सांडलेली साखर बोटानं गोळा करत होती. आईनं भाऊजींपुढे रिकामी ताटली सरकवली. मी पहिलं वॉफल घेऊन त्यांच्या मागून गेले आणि ताईच्या पुढ्यात ठेवलं. फोडी घातल्या, वर गर ओतला. थोडा टेबलावर सांडला.

"अवं, जावईबापूले आधी!" आई म्हणाली.

"दुसरं होतंय," मी म्हटलं. मशीनमध्ये पीठ घातलंच नव्हतं.

ताईनं एक तुकडा मोडून खाल्ला. मग आणखी एक. मग म्हणाली, "मी आज नाई येत."

"गाडी हाय ना," भाऊजी हसत म्हणाले.

"तुम्ही जा. मले इथी राह्यचं हाय."

"पण काऊन?"

ताई पुन्हा साखर गोळा करायला लागली. आई माझ्याकडे रोखून बघत होती. मी ओट्याला पाठ टेकून उभी राहिले. ताई आल्यापासून प्रत्येकानं तिला 'कधी जाणार' एवढंच विचारलं होतं. बाबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"काय झालं बेटा? सांग मले."

ताईनं एकदा भाऊजींकडे पाहिलं आणि सांगायला लागली.