चामराजपुरमच्या गच्चीवरचा सूर्य

कानडी मुलखातल्या चामराजपुरमात गोपाळरावांना सगळे 'सूर्यवाले' म्हणतात. घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा कापड वाळवायला उन्हाकडे बघत. नातू सूर्यावरचे डाग मोजतो. सकाळी आठला गच्चीवर दुर्बीण लागते. तिला डोळा लावायचा नाही, हा कडक नियम. सूर्याचं बिंब मागच्या पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि डाग पेन्सिलीने गिरवायचे. अकरा वर्षं हे आकडे हौशी निरीक्षकांच्या मंडळाकडे जाताहेत.

मग भाजीवाल्यालाही बातमी मिळते. "आज डाग वाढलेत बरं! भडका उडाला तर वर अंतराळवीरांना यानात जाड भिंतीआड बसावं लागेल." भाजीवाला गंभीरपणे मान डोलावतो आणि कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकतो.

हल्ली मात्र सूर्य फारच निवांत होता.

परवा त्यांच्या पत्नी गौराबाई सांडगे घालायला वर आल्या आणि कागदापाशी थबकल्या. लहानपणापासून कापडावर ठसे जुळवलेले त्यांचे डोळे.

"अहो, दोनच काय काढलेत? कडेला बारीक सात आहेत, नोडी, बघा की."

"सुम्मने, उगाच काहीतरी! तुझ्या सांडग्यांचं पीठ उडालंय भिंगावर."

"मग फिरवा भिंग. तुम्हीच सांगता ना, भिंगावरची धूळ भिंगाबरोबर फिरते?"

गोपाळरावांनी ऐटीत भिंग फिरवलं. "फिरले?"

"नाही."

कागद सरकवला. "आता?"

"सूर्यावरच आहेत."

गोपाळरावांनी पेन्सिल खाली ठेवली. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून चार महिने झाले होते आणि हे 'दसरा होऊ दे' म्हणत बसले होते. म्हणजे निवांत सूर्य नव्हता. यांनाच दिसत नव्हतं. आणि तेच आकडे मंडळाकडे गेले होते.

"इतक्या जणांच्या आकड्यांत माझे कुणाला कळणार?" ते पुटपुटले.

"मला कळलंय की."

खाली जाऊन त्यांनी मंडळाच्या किरणकुमारला फोन लावला. "माझे चार महिन्यांचे आकडे काढून टाका. मोतीबिंदू आहे मला. लपवला."

"अय्यो, राव! मग आता तुमच्या नोंदीत खंड?"

"खंड कशाला? निरीक्षकाचं नाव तेवढं बदला. गौराबाई लिहा."

"किती डाग लिहू?"

"नऊ."

"दहा!" गच्चीवरून आवाज आला. "अजून एक सापडला. आणि त्यांना सांगा, ऑपरेशनची तारीख आजच घेणार आहात!"