मामाजी आणि तेजस्विनीचा उंदीर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे धोंडीबा मामाजींना, जेवणाशिवाय दुसरा विषयच नाही हे लग्नानंतर आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं. स्वतःच्या जेवणाचा नव्हे, दुसऱ्याच्या. मीटर बघायला आलेला माणूस आकडा लिहून घेत असतो आणि हे विचारतात, "जेवला का बाप्पा?" तो संकोचानं "हो" म्हणाला की यांना पटत नाही. मग मी चुलीपाशी. मावला गावातल्या मळ्यात वांगी-मेथी पिकवायची आणि सकाळी आदिलाबादच्या बाजारात न्यायची, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. या चाळीस वर्षांत त्यांचा वैरी एकच, उंदीर. वाफ्यात रोपं कुरतडलेली दिसली की मामाजींच्या तोंडून जे शब्द निघतात, ते मी इथे लिहिणार नाही.

म्हणून माझी नववीतली मुलगी तेजस्विनी शाळेतून जाळीच्या पिंजऱ्यात पांढरा उंदीर घेऊन आली, तेव्हा मला घामच फुटला. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला दाखवायचं होतं की उंदीर रोज त्याच चक्रव्यूहातून गेला तर वाट शिकतो आणि दिवसेंदिवस लवकर बाहेर पडतो. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं गल्ल्या केल्या आणि शेवटी शेंगदाणा ठेवला. रात्रभर उंदराला खायला द्यायचं नाही, सकाळी सातला सोडायचं आणि मोबाइलवर वेळ मोजायचा. नंतर दिवसभर त्यानं हवं तेवढं खावं.

"रातभर उपाशी?" मामाजींनी विचारलं.

"हाव आबा. भूक असली तरच तो धावते."

"जन्मभर आमी उंदरं हाकलून राह्यलो, अन् हे पोट्टी पाळून राह्यली," असं म्हणत ते मळ्यात निघून गेले. मला वाटलं, थोडक्यात निभावलं.

चौदा दिवसांनी, सोमवारी, तिचे विज्ञानाचे प्रवीण सर वही बघून वैतागले. कधी चाळीस सेकंद, तर कधी साडेचार मिनिटं. त्या साडेचार मिनिटांत उंदीर मधल्या गल्लीत बसून मिशा पुसत होता, असंही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. "आकडे मनानं लिहिलेस का?" सरांनी विचारलं. शाळेतून जिल्ह्याला एकच प्रयोग जाणार होता. शुक्रवारपर्यंत या आकड्यांचा अर्थ लागला नाही तर दुसऱ्या मुलींचा पाठवू, असं त्यांनी बजावलं.

तेजस्विनीनं घरी येऊन दप्तर फेकलं. "मी खोटं लिहिलं म्हणतात! उंदीरच ढ हाये. सोडून देतो त्याले मळ्यात." आणि ती हमसून रडायला लागली. पोर खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं, पण सरांना मी काय सांगणार?

मामाजी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांचा हात थांबला.

"उंदीर ढ नाही वं. मीच त्याले भाकर टाको."

"काय?"

"पहाटे न्याहारीले बसलो का तो जाळीतून माह्या तोंडाकडे पाहे. मले घास गिळेच ना. मंग एक तुकडा टाको. तू चिडशीन म्हून बोललो नाही."

चौदा वर्षांच्या पोरीसमोर मान खाली घालून बसलेले मामाजी मी पहिल्यांदा पाहिले. रागवावं की समजूत घालावी, ते मला कळेना. तेजस्विनीनं मात्र नाक पुसलं आणि वकिलासारखं विचारलं, "रोज टाकत होते?"

"रोज."

"मंग काही दिवशी तो धावला काऊन?"

"ते मले काय मालूम?"

मी तिच्या हातातून वही घेतली. उंदीर झपाट्यानं बाहेर पडला होता ते दिवस पाच. दोन सोमवार, दोन शनिवार आणि मधलाच एक बुधवार. बघता बघता मला हसूच आलं. हे दिवस माझ्यापेक्षा जास्त कोणाच्या लक्षात राहणार? त्या दिवशी मला पहाटे भाकरी थापायच्या नसतात, अर्धा तास जास्त झोपायला मिळतं. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा आणि त्या बुधवारी एकादशी होती.

"मामाजी, उपासाच्या दिवशी सकाळी काय टाकत होते त्याले?"

"उपासाले मी नुसता चहा पिऊन जातो. भाकर असते कुठं टाकाले?"

तेजस्विनीनं वही माझ्याकडून हिसकावलीच. उपासाचे पाचही दिवस जुळले, न्याहारीचे नऊही जुळले. दुसऱ्या दिवशी प्रवीण सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा तर तुझ्या आधीच्या प्रश्नापेक्षा चांगला प्रश्न सापडला, जेवलेला उंदीर आणि भुकेला उंदीर. पण हे नकळत घडलंय, आता मुद्दाम करून दाखव. बुधवारी खाऊ घाल, गुरुवारी उपाशी ठेव. जुळलं तर शुक्रवारी तुझं नाव पाठवतो.

बुधवारी मामाजींनी राजरोस चतकोर भाकरी टाकली. उंदरानं चार मिनिटं दहा सेकंद घेतले. आमच्या घरात एवढ्या आळसाचं कौतुक कधी झालं नव्हतं.

गुरुवारी मी नेहमीसारखी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मामाजींनी ताटाकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

"आज उपास नाही, मामाजी."

"माहीत हाये. त्याले उपाशी ठेवून मी कसा जेवू?"

बाजारालाही ते गेले नाहीत. सात वाजता आम्ही तिघं पुठ्ठ्याभोवती बसलो. आज उंदीर रेंगाळला असता तर माझी पोर शाळेत खोटारडी ठरली असती. तिनं दार उघडलं. उंदरानं एकदा नाक हलवलं, डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मिशांना हातही लावला नाही आणि थेट शेंगदाण्यावर गेला. एकतीस सेकंद! तेजस्विनी किंचाळली आणि माझ्या गळ्यात पडली. माझा जीव भांड्यात पडला.

मामाजी मात्र अजून वाकून बघत होते. उंदीर पुढच्या दोन्ही पायांत दाणा धरून खात होता. त्याचा शेवटचा कण संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी मोठा श्वास सोडला आणि ताट पुढं ओढलं.

"वाढ वं सूनबाई आता. लय भूक लागली."