डाव्या पोटरीतली गुठळी

गल्लीत तिला सगळे कडक मावशी म्हणत. इस्त्री कडक म्हणून, आणि जीभही. जिन्याखालच्या खोलीत टेबलाशी ती सकाळी जी उभी राहायची ती दिवेलागणीपर्यंत. नवरा बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. "जरा टेक की," तो म्हणाला की हिचं ठरलेलं, "तुम्ही जन्म बसून काढलात, मी उभ्यानं काढते. फिट्टंफाट!"

तिच्या डाव्या पायावरच्या शिरा फुगून निळ्या, वेड्यावाकड्या झाल्या होत्या. शेवटी नवऱ्यानं हट्टानं दवाखान्यात नेलं.

"हृदय रक्त खाली पाठवतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पण ते पायातून वर चढवायचं मोठं काम पोटरीचं. चालताना पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं. शिरांमधल्या बारक्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. तुम्ही दिवसभर एका जागी खिळलेल्या. पोटरी हलतच नाही. रक्त साचलं, शिरा ताणल्या, झडपा नीट मिटेनाशा झाल्या."

"म्हणजे आमच्या घरात रक्तसुद्धा माझं ऐकत नाही," मावशी म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. घट्ट पायमोजे दिले, अधूनमधून चालत जा म्हणाल्या. पण इस्त्रीच्या वाफेत ते मोजे कुठले सहन होणार? गेले कपाटात.

पुढं तापानं तिला अंथरुणाला खिळवलं. उठली तेव्हा कपड्यांचा डोंगर वाट पाहत होता. उभी राहिली, तर तीच पोटरी सुजलेली, गरम, हात लावू देईना.

"लचकला असेल," ती म्हणाली.

नवऱ्यालाही तसंच वाटलं. संध्याकाळी त्यानं तेल कोमट केलं, जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि हळूहळू चोळू लागला.

"स्टिअरिंग समजून फिरवू नका हं."

तो हसला. किती दिवसांनी दोघं अशी जवळ बसली होती. तो थांबायला लागला तसं ती म्हणाली, "राहू द्या हात. बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचा तरी शर्ट टेबलावर पसरताना ती थबकली. "अहो, श्वास घेता येत नाहीये," एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. रुग्णवाहिका आली, पण मावशी दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

"तिचं हृदय तर चांगलं होतं ना?" त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"चांगलंच होतं, काका. तापात पडून राहिल्यानं पोटरीतल्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटली, मोठ्या शिरेतून वर हृदयाच्या उजव्या बाजूला आली. तिथून सगळं रक्त फुप्फुसाकडे जातं. फुप्फुसातल्या वाटा अरुंद होत जातात, त्यात ती अडकली. हृदय ढकलत राहिलं, पण पुढं रस्ताच बंद."

तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "काल मी पाय चोळला होता. माझ्या हातानं सुटली का?"

त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. अशी गुठळी आपोआपही सुटते. चोळायला नको होतं हे खरं, पण तुम्हाला ते कळणार कसं?"

त्यानं त्यातलं अर्धंच ऐकलं.

लेक त्याला आपल्या घरी घेऊन गेली. तिथं तो भाजी निवडायचा, झाडू मारायचा, पण माणसाला हात लावायचा नाही. लेक बाळंतीण झाली. तिनं बाळ पुढं केलं तर तो दोन पावलं मागं सरला. "मोठं होऊ दे जरा," म्हणाला.

"बाबा, तुमच्यामुळे आई गेली नाही हो."

"हं," म्हणून तो खिडकीकडे वळला.

एका दुपारी लेक शेजारी गेली असताना बाळ रडून रडून लाल झालं. तो बराच वेळ पाळण्यापाशी नुसता उभा राहिला. मग वाकला, उचललं. बाळाच्या छातीवर टेकलेल्या त्याच्या तळव्याखाली ते इवलंसं हृदय भराभर उडत होतं. बाळ हळूहळू शांत झालं. आजोबाच्या डोळ्यांतून मात्र पाणी थांबेना.

बाहेर चपला वाजल्या, तसं त्यानं घाईघाईनं बाळ पाळण्यात ठेवलं आणि हात पाठीमागे घेतले.