वांगी कॅरिअरवर, बायको पायी

किस्से काही कोणी गोळा करत नाही, बापा! कारखान्याची लाल धूळ कशी, सकाळी वरांडा पुसला तरी संध्याकाळी परत बसलेली असते, तसे ते बसत जातात. भिलाईच्या रिसालीतल्या आमच्या वरांड्यात चार बाया जमल्या की कोणीतरी म्हणतेच, "आजी, दरोगाजींचा एखादा होऊन जाऊ द्या!" दरोगाजी म्हणजे आमचे हे. आता नाहीत. समोरून पोट्टे मोटरसायकलवर तिघं-तिघं जाऊन राहिले, कोणी अडवत नाही. मले वाटते, कोणीतरी शिट्टी वाजवावी.

*

लग्न होऊन मी नागपूरकडून भिलाईले आली, तेव्हा हा भाग मध्यप्रदेशात होता अन् सारं गाव सायकलवर होतं. आमचे हे सेक्टर सहाच्या चौकात ट्रॅफिकचे शिपाई. एका सायकलवर दोघं बसणं तेव्हा गुन्हा. सजा काय? पोलिसानं दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायची, मंग तुमी सायकल ढकलत जा पंक्चरवाल्याकडे!

मले कॅरिअरवर बसून बाजारात जायचं होतं. बस, येवढंच. पहिल्याच रविवारी म्हणलं, "अवो, मी बसू मागं?"

"सरकारी सायकल आहे. अन् डबल सीट."

"बाकीच्या बाया चौक आला की उतरतात, चौक गेला की परत बसतात. आपण बी तसंच करू."

"त्याइचा चौक मागं राहते. माझा माझ्यासंगच चालते."

"मंग मी कशी येऊ?"

"पायी. मी बी पायीच येतो ना!"

गेलो दोघं चालत, सायकल यांच्या हातात. येताना भाजीची पिशवी कॅरिअरवर. शेजारची कमलबाई फाटकात उभीच होती. म्हणते कशी, "काय वं, वांग्याले जागा आहे, तुले नाही?"

*

एकदा कारखान्याचे एक मोठे साहेब, मोटार बंद पडली म्हणून चपराशाच्या सायकलीवर मागं बसून निघाले. यांनी शिट्टी मारली अन् हवा सोडली.

साहेब लालबुंद. "जानते हो मैं कौन हूँ?"

"जी साहब. पीछेवाली सवारी."

*

लग्नसराई होती. एका नवरदेवाची घोडी आलीच नाही. मुहूर्त निघून चालला म्हणून मामाच्या सायकलीवर, बाशिंग बांधून, मागं बसून आला बिचारा. चौकात यांच्या हातात सापडला!

हवा तर यांनी सोडलीच. पण नवरदेव एकटा कसा सोडायचा? त्याचा हात धरून, ट्रॅफिक थांबवत, मांडवापर्यंत चालत नेला. तिकडे नवरीच्या मायनं पाहिलं, जावयाले पोलीस घेऊन येऊन राहिला! तिनं तर हंबरडाच फोडला.

नवरीच्या बापानं हात जोडले. "हवालदारसाहेब, काय गुन्हा केला यानं?"

"डबल सीट."

बापानं सुस्कारा सोडला. "मंग माफ करा. आजपासून तर त्याले जन्मभर तेच करायचं आहे!"

हा किस्सा यांनी घरी हसत हसत सांगितला. मी बी हसली. मंग पोळ्या लाटत बसली.

*

अन् एक दिवस कमलबाई धावत आली. "अवं, तुह्या नवऱ्याच्या सायकलीवर बाई बसली होती! माझ्या डोळ्यानं पाहिलं!"

संध्याकाळी हे जेवायले बसले तसं मी विचारलं, "कोण होती?"

"धमधा गावाकडची होती. दिवस भरले होते. नवरा तिले डबल सीट दवाखान्यात नेऊन राहिला होता. वाटेतच त्याच्या चाकाची ट्यूब फुटली. मंग मी तिले माझ्या सायकलीवर बसवलं अन् ढकलत नेलं. पोरगी झाली."

"अन् कायदा?"

"मी कुठं बसलो होतो? सिंगलच होती!"

"मंग मले बी तसंच न्या ना. तुमी ढकला, मी बसते."

यांनी घास हातात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तुले काय झालं?"

काही नाही झालं म्हणलं. ताक वाढू का?

*

गणपतीत आमच्या मंडळानं मैदानात शर्यत ठेवली. नवरा-बायको, एका सायकलवर! गल्लीतल्या पोरींनी आमचं नाव देऊन टाकलं. हे म्हणाले, "सायकल सरकारी आहे." पोरींनी दुसऱ्याची सायकल आणली. हे म्हणाले, "कायदा…" साऱ्या ओरडल्या, "काका, हे मैदान आहे, रस्ता नाही!"

यांनी मान डोलावली. सीटवर बसले, पाय टेकवून थांबले. मी पदर खोचला. एक हात कॅरिअरवर ठेवला.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला! शिफ्ट सुटली. सायकलींचा लोंढा चौकाकडे निघाला की हे तिथं पाहिजेतच. उतरले, टोपी डोक्यावर ठेवली अन् गेले. मी दुसऱ्याची सायकल धरून मैदानात उभी. पोरी म्हणाल्या, "काकू, तुमी एकट्याच चालवा!"

*

पुढे हे दरोगा, म्हणजे फौजदार झाले, अन् दरोगा म्हणूनच रिटायर झाले. सरकारी सायकल, पट्टा, शिट्टी, सारं ठाण्यात जमा केलं. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बाहेर गेले ते नवी काळी सायकल घेऊनच आले. कॅरिअरवर चादरीची घडी बांधलेली.

"बस," म्हणाले.

"वांगी आणायची आहेत का?"

"नाही. तू बस."

तोपर्यंत माझे गुडघे गेले होते, अंग सुटलं होतं. कशीबशी बसली. यांचा शर्ट मुठीत धरला. रिसाली मागं गेली, झाडं मागं जाऊन राहिली. मले वाटलं, रस्ता संपूच नये.

सेक्टर सहाचा चौक आला. तिथं बिसाहू शिपाई उभा, यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं कडक सलाम ठोकला अन् तोंड दुसरीकडे फिरवलं.

यांनी ब्रेक दाबला. मले उतरवलं.

"दिखा नहीं, बिसाहू?"

"दिखा, साहब."

"फिर?"

बिसाहू खाली पाहत म्हणाला, "मोर हाथ नइ उठिस, साहब." हात उठला नाही म्हणे त्याचा.

हे वाकले. आपल्याच हातानं पुढच्या चाकाची हवा सोडली, मंग मागच्या. नव्या ट्यूबा, बराच वेळ फुसफुसत राहिल्या. सारा चौक पाहत होता.

सायकल ढकलत निघालो. पुढे पंक्चरवाला पंप घेऊन उभाच होता. "भर दूँ, दरोगाजी?"

यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कॅरिअरवरची चादर सोडली, घडी काखेत मारली अन् म्हणलं, "राहू द्या. चालतच जाऊ."