मी केलेलं एकमेव धर्मांतर

सिंगापूरच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी ज्या बाईंनी माझं स्वागत केलं, त्या म्हणाल्या, "मी विच आहे. पण हे झेरॉक्स मशीन माझ्यानेही चालत नाही. नवीन ना तू? खाली डावीकडे एक लाथ मार, लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची ही सिंगापुरी लकब पुढे माझ्या सवयीची झाली. मी लाथ मारली आणि मशीन चालू झालं. विच म्हणजे चेटकीण एवढं इंग्रजी मला येत होतं, म्हणून मी विनोदाला द्यावी तशी दाद देऊन हसलो. बाई हसल्या नाहीत. "जोक नाही. धर्म आहे. विक्का. निसर्ग आणि देवी पुजणाऱ्यांचा," असं म्हणून त्यांनी माझ्या नेमणुकीच्या कागदांच्या तीन प्रती काढल्या आणि नीट टाचून माझ्या हातात दिल्या.

बाई चिनी, पन्नाशीच्या, बुटक्या, केस पोरांसारखे कापलेले. बुओना व्हिस्ताजवळच्या आमच्या कंपनीत रेकॉर्ड रूम त्यांच्या ताब्यात होती. कुठल्या माणसाची कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. त्या राहायच्या बेडोकला आणि मीही बेडोकला, त्यामुळे रोज संध्याकाळी एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, त्यांची सोबत असे. एकदा स्टेशनवर माझी पाच वर्षांची मुलगी भेटली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "नो ब्रूम, हाऊ कॅन?" बाई गंभीरपणे म्हणाल्या, "फ्लॅटमध्ये व्हॅक्यूम क्लीनर आहे." तेव्हापासून त्या आमच्या घरात विच आंटी झाल्या.

विच आंटींच्या पाकिटात पैशांच्या मागे एक कागद असायचा, घडीवर घडी घातलेला, चिकटपट्टीने सांधलेला. सिंगापूरच्या राज्यघटनेतलं पंधरावं कलम. प्रत्येक माणसाला आपला धर्म मानण्याचा आणि पाळण्याचा अधिकार आहे, अशा अर्थाचं. कुणी फारच भुवया उंचावल्या की तो कागद बाहेर यायचा. "अधिकार छत्रीसारखा असतो. घरी ठेवून उपयोग नाही," त्या म्हणत. मी पुण्याचा. कायद्याचा कागद खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाबद्दल मला उपजतच आदर वाटतो.

त्या कागदामागे एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकदाच सांगितली. तरुणपणी त्या बालवाडीत शिकवायच्या. तिथल्या फॉर्मवर धर्माचा रकाना त्यांनी कोरा सोडला होता. पुढे कुणा पालकाला कळलं, मुलांच्या आया घाबरल्या आणि आंटींना घरी पाठवलं. "तू विच आहेस म्हणून नाही, तू लपवलंस म्हणून, असं म्हणाले. खोटारडी ठरले मी. त्या दिवसापासून कुठलाही फॉर्म असो, पूर्ण शब्द लिहिते." आमच्या कंपनीच्या जुन्या फॉर्मवर 'इतर' असा पर्याय होता आणि त्यापुढे एक रेघ. त्या रेघेवर त्यांनी ठसठशीत अक्षरांत 'विक्का' लिहिलं होतं. नुसत्या 'इतर'वर त्यांचा राग होता. "इतर हे काय नाव आहे? उरलेल्या भाजीचा डबा?"

त्यांच्यासकट धर्मबंधू आणि भगिनी मिळून नऊ जण होते. पौर्णिमेला संध्याकाळी ते ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जमत, चार दिशांना वंदन करत, दिवा लावत, देवीचं नाव घेत. मला हे कळलं तेव्हा मी उत्साहाने शंकरपाळ्यांचा डबा घेऊन हजर झालो. आंटी लगबगीने पुढे आल्या आणि मला वीस पावलं मागे, एका नारळाखाली नेऊन उभं केलं. "तू दहावा," त्या म्हणाल्या. "दहा जण झाले की कायद्याने संस्था होते. संस्था झाली की नोंदणी. नोंदणीला गेलो की विचारणार, हे काय प्रकरण आहे? नऊ म्हणजे फक्त मित्रमंडळी." मी म्हणालो, "अहो, मी सभासद कुठे आहे? मी नुसता बघतोय." "बघणाराही मोजतात," त्या म्हणाल्या. खरं तर कायदा इतका काटेकोर मोजत नसावा, पण एकदा पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. मी नारळाखाली उभा राहून अर्धा डबा स्वतःच संपवला. पुढे कितीतरी पौर्णिमांना मी त्या नारळाखाली उभा राहिलो.

आता माझा मूर्खपणा. तिथे उभा राहून माझी खात्री पटत चालली होती की हे सगळं आमचंच आहे. पौर्णिमा आमची, दिवा आमचा, दिशा आमच्या, देवी तर आमचीच. आंटींच्या घराबाहेरच्या कुंड्यांत तुळशीचं बहीणभावंड शोभेल असं रोप होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्या सुट्टी काढून मेलेल्या आईसाठी ताट वाढायच्या. हिवाळ्याच्या तोंडावरचा हा सण, आणि सिंगापुरात हिवाळा कुठला, म्हणून त्या दिवशी एसी सोळावर ठेवून शाल पांघरून बसायच्या. मी म्हणालो, "आंटी, ही तर आमची सर्वपित्री." त्या म्हणाल्या, "असेल. तुमची तुमची, माझी माझी." हे वाक्य मी ऐकलं, पण कानाआड केलं. आपल्या लोकांना दुसऱ्याचं काही आवडलं की ते आपलंच होतं असं वाटू लागतं.

त्या वर्षी कंपनीत नवी संगणक प्रणाली आली आणि सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती तिच्यात भरण्याचं काम भारतीय म्हणून माझ्या गळ्यात पडलं. धर्माच्या जागी ठरलेली यादी होती: बौद्ध, ताओ, ख्रिश्चन, मुस्लिम, हिंदू, शीख, फ्री थिंकर, इतर. 'इतर'पुढची रेघ गायब. आंटींचा फॉर्म हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. 'इतर' निवडलं तर त्यांचा अपमान. फ्री थिंकर म्हणजे तिथे कुठलाच धर्म न मानणारा, तशा तर त्या नव्हत्याच. शेवटी प्रेमाने, अगदी भरल्या मनाने, मी 'हिंदू'वर टिचकी मारली. कुणाला सांगितलं नाही. पुण्यकर्माची वाच्यता करू नये असं लहानपणी शिकवलं होतं.

ऑक्टोबर आला. आंटींनी नेहमीसारखा रजेचा अर्ज दिला, कारण 'धार्मिक'. मॅनेजरबाई नव्या होत्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, "एकतीस तारखेला हिंदूंचा काही सण आहे का?" मी छाती फुगवून म्हणालो, "नाही. दिवाळीला अजून अवकाश आहे." वर घरून दिनदर्शिका आणून दाखवीन असंही सांगितलं. दोन आणि दोन चार करणं हा माझा पेशा, त्या दिवशी मात्र मला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी एमआरटीत आंटींनी मला एक पत्र दाखवलं. धर्माविषयी खोटी माहिती देऊन रजा मागितली, तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा नोकरीवरून कमी करण्यात येईल. "कंपनीच्या रेकॉर्डमध्ये मी हिंदू आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "मी, जी पूर्ण शब्द लिहिते. जोशी, पुन्हा खोटारडी झाले बघ." कॉमनवेल्थ आलं, क्वीन्सटाउन आलं. आता सांगू, मग सांगू करत केंबांगनही गेलं. माझा पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज तेव्हा सरकारदरबारी पडून होता, आणि नोकरीत काही डाग लागला तर काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात घोळत होता. बेडोकला उतरताना त्यांनीच मला विचारलं, "तुला बरं वाटत नाहीये का?"

घरी बायकोला सांगितलं. ती कणीक मळायची थांबली. "म्हणजे तुम्ही त्या बाईंना बाटवलंत," ती म्हणाली. "आपल्या घराण्यात आजवर कुणी कुणाला बाटवलं नव्हतं. उद्या सकाळी जाऊन सांगा." मी म्हणालो, पीआरचं काय? ती म्हणाली, "नाही मिळालं तर पुण्यात तुमची वाट बघत कोणी बसलेलं नाही, तरी आपण परत जाऊ." धीर देण्याची तिची पद्धत पहिल्यापासून अशीच आहे.

सकाळी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन मी आंटींना सगळं सांगितलं. अपमान वाटू नये म्हणून केलं, प्रेमाने केलं, हेही सांगितलं. त्यांना रागावलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. "जे मला घाबरतात," त्या म्हणाल्या, "त्यांना काय दाखवायचं ते माझ्या पाकिटात आहे. तुला काय दाखवू? तुला तर मी आवडते." मला फार लाज वाटली. ती आजही वाटते.

मग आम्ही दोघं मॅनेजरबाईंकडे गेलो. मी कबुलीजबाब लिहून दिला. इंग्रजीत चार ओळींचं काम होतं, मी दोन पानं लिहिली आणि त्यात सगळ्यांना सावली देणाऱ्या आमच्या धर्माच्या वटवृक्षाचाही उल्लेख केला. मॅनेजरबाईंनी तेवढा परिच्छेद खोडला. पत्र मागे घेतलं, रजा मंजूर झाली, मला तोंडी समज मिळाली. संगणकात मात्र 'इतर'च करावं लागेल असं त्या म्हणाल्या. आंटींनी पाकीट उघडलं, कागद टेबलावर उलगडला आणि म्हणाल्या, "मग माझ्या फाइलमध्ये एक साधा कागद लावा. एकच शब्द. तुम्ही सही करा." अर्धा तास वाद झाला, पण सही झाली. तो कागद आंटींनी स्वतः फाइल केला. माझ्याशी त्या दोन महिने बोलल्या नाहीत. मग एक दिवस रेकॉर्ड रूममधून हाक आली, "जोशी, मशीन अडकलंय. लाथ पाहिजे."

दोन हजार दहाचं दशक संपता संपता विच आंटी गेल्या. आजार पाच-सहा आठवड्यांचा. मंडाईच्या स्मशानभूमीत त्यांची ख्रिश्चन झालेली बहीण मागच्या बाकावर एकटीच बसली होती. कित्येक वर्षांत तिने आंटींना चिनी नववर्षाच्या जेवणाला बोलावलं नव्हतं, पण ती आली होती. अंत्यविधीवाल्याने फॉर्म पुढे केला आणि त्यांच्या मंडळातले टॅक्सी चालवणारे काका तो माझ्याकडे देत म्हणाले, "तूच भर. तुला अनुभव आहे." धर्माच्या रकान्यात मी पूर्ण शब्द लिहिला. अक्षरं इतकी मोठी झाली की शेवटचं चौकटीबाहेर गेलं.

हॉलमध्ये ती मंडळी शवपेटीभोवती गोल करून उभी राहिली. मी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन सवयीने वीस पावलांवर थांबलो. काकांनी आपल्या नेहमीच्या शिस्तीने माणसं मोजली आणि आठवर थांबले. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"ये, जोशी," ते म्हणाले. "आज जागा आहे."