शुक्रवारची लाइट

आमच्या बेलवलीत शुक्रवारी लाइट जाते. देखभाल, असं तिचं सरकारी नाव. अख्खी बिल्डिंग शिव्या घालते, माझी मुलगी तेवढी खूश असते. तिला ऑटिझम आहे. पुढे काय होणार ते आधी कळलं की तिचा दिवस सुरळीत जातो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भिंतीवर ओळीनं चित्रं लावतो. दात घासणं, नाश्ता, झोका. एकेक झालं की ते चित्र ती डब्यात टाकते. शुक्रवारी दुपारी बंद पंख्याचं चित्र, त्याच्याखाली आमरस.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी लाइट गेलीच नाही.

बिल्डिंगमध्ये दिवाळी. लेक मात्र फिरत्या पंख्याखाली कान दाबून उभी. "लाइट गेली," ती पंख्याला बजावून म्हणाली. मग ओरडली. मग रडायलाच लागली. आमरस पुढे केला तर ढकलून दिला. आधीचं बंद पंख्याचं चित्र राहिलं होतं ना!

मी वीज ऑफिसला फोन लावला.

"साहेब, लाइट गेली नाही."

"मग?"

"कधी घालवताय?"

"मॅडम, टोमणे नका मारू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

घरातला मेन स्विच पाडून पाहिला. पण समोरच्या काकांकडे टीव्हीवर मॅच जोरात चालू होती. लाइट जाते ती सगळ्यांची जाते, हे लेकीला पक्कं ठाऊक. शेवटी काकांचं दार वाजवलं. दर शुक्रवारी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा माणूस, आणि मी त्याला भर उन्हाळ्यात पंखा बंद करायला सांगत होते.

काकांनी मॅचकडे पाहिलं, मग माझ्यामागे रडणाऱ्या पोरीकडे. टीव्ही बंद केला, पंखा बंद केला आणि बनियनवरच गॅलरीत येऊन नेहमीसारखे बोंबलले, "गेली रे गेली! मेल्यांनो, बिल तेवढं वेळेवर पाठवता!" मजल्यावरच्या बाकीच्यांनीही हसत हसत बटणं बंद केली.

लेकीनं डोळे पुसले, पंखा डब्यात टाकला आणि आमरसाला बसली. मला इतकं हायसं वाटलं की काकांनाही वाटी दिली. आम्ही घामानं निथळत होतो, ती मजेत बोटं चाटत होती.

आमरसाचं चित्रही डब्यात गेलं. मी मेन स्विच वर केला. पंख्यानं एक गिरकी घेतली आणि थांबला. या वेळी खरीच गेली होती.

लेक डब्याकडे बघायला लागली, मी डोक्याला हात लावला. काकांनी मात्र आधीच फोन लावला होता. "अहो साहेब, आत्ता कुठे घालवताय?" ते संतापून ओरडत होते. "आमची जाऊन झाली! चित्र डब्यात गेलं!"