चालणारं घर

इंडोनेशियातलं मकासर शहर वाढत वाढत आमच्या इमारतीपर्यंत आलंय. कुंपणापलीकडे इथल्या बुगिस लोकांची एक छोटी वस्ती अजून टिकून आहे. तिथल्या एका म्हातारीचं खांबांवरचं लाकडी घर नव्या रस्त्यासाठी मागे न्यायचं होतं. आज सकाळी अख्ख्या वस्तीने त्याला बांबू बांधले, खांदे लावले आणि घर चालू लागलं, खिडकीतल्या पडद्यांसकट.

"एवढ्यांना बोलावलंत कधी?" मी म्हातारीला विचारलं.

"बोलवायचं काय त्यात? घर जड आहे, ठाऊक आहे की सगळ्यांना!"

माझा नुसता जळफळाट झाला. आमच्या इमारतीत राहायला आलो तेव्हा मी एकटा कपाट ओढत होतो, तर शेजाऱ्याने आवाज होतो म्हणून दार लावून घेतलं होतं.

आमच्याकडे माणसाला चार खांदे मिळतात ते मेल्यावर. हिला जिवंतपणी अख्खी वस्ती मिळाली, आणि वर ही त्यांनाच दटावत होती, "सावकाश रे, आत कपबशा आहेत माझ्या!"